बर्फाच्या धरणांचा रस्ता : लेक लुईस ते जॅस्पर

(ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)

 

गेले काही महिने एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "आम्ही कॅनडात मुलीकडे येतोय, हाताशी चार दिवस आहेत, काय बघू?" "आई-बाबांना व्हिसा मिळालाय, त्यांना फार चालवत नाही, कुठं नेऊ?" या सगळ्यांना मी एकच उत्तर देते. कॅल्गरीला उतरा, गाडी घ्या आणि आइसफील्ड्स पार्कवेवर जा. आज त्याच रस्त्याबद्दल बोलू. सुरुवातीला कामाची माहिती सांगते, मग एकेका थांब्यावर जाऊ. मधे मधे माझ्या बाबांचे प्रश्नही येतील, कारण त्यांना घेऊन गेले तेव्हाच मला हा रस्ता नीट कळला. त्याआधी चार वेळा गेले होते, आणि चारही वेळा फक्त फोटो काढून परत आले होते.

आधी कामाचं

कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात रॉकी पर्वताच्या रांगा आहेत. तिथं बॅन्फ आणि जॅस्पर ही दोन राष्ट्रीय उद्यानं एकमेकांना लागून आहेत. लेक लुईस या गावापासून उत्तरेला जॅस्पर गावापर्यंत जाणारा, साधारण २३२ किलोमीटरचा हा रस्ता. कागदोपत्री महामार्ग ९३. कुठंही न थांबता गेलात तर तीन तासांत संपतो, पण तसं कुणी जात नाही, जाऊही नये. सकाळी सातला निघालात तर संध्याकाळी सात धरून चाला. जमलं तर दोन दिवस द्या.

कॅल्गरीहून लेक लुईसपर्यंत दोन तास लागतात. राष्ट्रीय उद्यानाचा पास लागतो, तो आधीच ऑनलाइन घेऊन ठेवा. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी ताशी ९० किलोमीटर आहे. जून मध्य ते सप्टेंबर अखेर हा उत्तम काळ. मे महिन्यात आलात तर निळी तळी बघायला येऊन पांढरी तळी बघून जाल, कारण उंचावरच्या तळ्यांवरचा बर्फ जून उजाडल्याशिवाय हलत नाही. हिवाळ्यात रस्ता चालू असतो, पण बर्फाचे टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत, आणि वादळ आलं की रस्ता बंद होतो. पहिल्यांदा येणाऱ्यानं हिवाळ्याच्या वाटेला जाऊ नये.

दोन गोष्टी अगदी लक्षात ठेवा. पहिली, लेक लुईस सोडलं की जवळजवळ जॅस्परपर्यंत मोबाइलला रेंज नाही. नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा आणि रात्री कुठं पोहोचणार ते घरच्यांना सांगून निघा. दुसरी, पेट्रोल. मधे फक्त एका ठिकाणी, सस्कॅचवन रिव्हर क्रॉसिंगला पंप आहे, तोही हंगामापुरता आणि महाग. टाकी फुल करूनच निघायचं.

आणि डबा. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. घ्याच, कारण वाटेत खाण्याची ठिकाणं मोजकी आहेत. पण अस्वलाचं नाक आपल्यापेक्षा फार तेज असतं. बाकावर डबा उघडा ठेवून तळं बघायला जायचं नाही. खाऊन झालं की डबा गाडीत, काचा बंद, कचरा अस्वलाला उघडता येणार नाही अशा तिथल्या पेटीत. अस्वल दिसलं तर शंभर मीटर लांब, हरणं-एल्क दिसले तर तीस मीटर. गाडी रस्त्याच्या मधे थांबवून खाली उतरू नका. आपल्याला फोटो मिळतो, पण माणसांना सरावलेलं अस्वल शेवटी गोळी खाऊन मरतं.

रस्ता कसा झाला

१९३० च्या महामंदीत लाखो लोक बेकार होते. त्यांना काम देण्यासाठी सरकारनं १९३१ मध्ये हा रस्ता हाती घेतला. आपल्याकडे दुष्काळात रोजगार हमीवर पाझर तलाव आणि रस्ते झाले, तसलाच प्रकार. एक तुकडी लेक लुईसकडून, दुसरी जॅस्परकडून. यंत्रं मोजकी, बराचसा मामला कुदळ, फावडं आणि घोड्यांचा. १९४० मध्ये रस्ता खुला झाला. आज आपण ज्यावरून जातो तो रुंद डांबरी रस्ता नंतर, १९६० च्या सुमाराचा.

पण माणसं या दऱ्यांतून त्याआधी हजारो वर्षं ये-जा करत होती. स्टोनी नकोडा, क्री आणि इतर मूळ रहिवाशांच्या या वाटा. १९०८ मध्ये मेरी शेफर नावाच्या बाई जॅस्परजवळच्या मलीन तळ्यापर्यंत पोहोचल्या आणि त्यांचं नाव झालं. त्या पोहोचल्या त्या सॅमसन बीव्हर या स्टोनी माणसानं आठवणीतून काढून दिलेल्या नकाशावरून. आणि १९०७ मध्ये जॅस्परचं उद्यान जाहीर झाल्यावर तिथं पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या मेटी कुटुंबांना जमिनी सोडाव्या लागल्या. धरणासाठी उठलेली गावं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यातलं फार समजावून सांगावं लागणार नाही.

बो तळं : आमच्या नळाचं पाणी

लेक लुईस सोडल्यावर अर्ध्या तासात डाव्या हाताला क्रोफूट हिमनदी दिसते. क्रोफूट म्हणजे कावळ्याचा पाय. नाव दिलं तेव्हा बर्फाची तीन बोटं कड्यावरून खाली उतरलेली होती. आता दोनच आहेत. खालचं बोट विसाव्या शतकातच गळून गेलं. नाव मात्र तेच राहिलंय, त्यामुळे नवा माणूस तिसरं बोट शोधत बसतो.

थोडं पुढे बो तळं. लाल छपराचं जुनं लॉज, समोर तळं, पलीकडे कडा आणि त्यावर बो हिमनदी. इथं गर्दी होते, पण तळ्याच्या काठानं पाच मिनिटं चालत गेलात की शांतता मिळते. ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी ही जागा सोन्यासारखी आहे. गाडीतून उतरलं की समोर तळंच.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. सांगली जिल्ह्यात सगळी नोकरी कालवे, पाणीपाळ्या आणि मोजपट्ट्या बघण्यात गेली. त्यांनी तळ्याकडे पाच मिनिटं पाहिलं आणि विचारलं, "हे पाणी जातं कुठं?"

मी म्हटलं, "बाबा, हे आपल्या नळाला येतं."

खरंच येतं. बो हिमनदीतून बो तळं, तळ्यातून बो नदी, ती लेक लुईस, बॅन्फवरून कॅल्गरीत. शहराचं पिण्याचं पाणी बो आणि एल्बो या दोन नद्यांमधून येतं. आता यात एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण याबद्दल लोक दोन्ही टोकांचं बोलतात. वर्षभराचा हिशेब केला तर कॅल्गरीत वाहणाऱ्या पाण्यात हिमनदीचा वाटा थोडासाच असतो. मुख्य पाणी हिवाळ्यात पडलेल्या आणि मे-जूनमध्ये वितळणाऱ्या हिमाचं. पण ऑगस्ट उजाडतो, डोंगरावरचं हिम संपलेलं असतं, पाऊस नसतो, तेव्हा नदी वाहती ठेवण्याचं काम हिमनदी करते. कोरड्या वर्षात तिची खरी किंमत कळते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नदी इतकी उतरली की शहरानं बागांना पाणी घालण्यावर निर्बंध आणले.

बाबा म्हणाले, "म्हणजे हे उन्हाळी आवर्तन आहे."

शेतकऱ्यांना आवर्तन म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगते, धरणातून ठरावीक काळानं कालव्याला पाणी सोडतात ते आवर्तन. उन्हाळ्यातलं आवर्तन चुकलं की उभं पीक जातं. हिमनदी म्हणजे काय हे मला इतक्या नेमकेपणानं कुणीच सांगितलं नव्हतं.

पेटो : मोरचुदाचं तळं

बो तळ्यानंतर रस्ता चढत बो समिटला पोहोचतो. साधारण २,०७० मीटर, या रस्त्याचा सगळ्यात उंच भाग. इथं डावीकडे पेटो तळ्याचा फाटा. वाहनतळापासून दहा-पंधरा मिनिटांची चढण आहे. वाट चांगली बांधलेली आहे, पण उंचीमुळे दम लागतो. ज्येष्ठांना घाई करू नका, मधे बसू द्या.

वर लाकडी सज्जा आहे. तिथून खाली दरीत जे दिसतं ते पाहून पहिल्यांदा सगळ्यांचीच बोलती बंद होते. लांडग्याच्या डोक्याच्या आकाराचं तळं, आणि रंग असा की फोटोत कुणी मुद्दाम भरलाय असं वाटावं. आई कठड्याला टेकून बघत राहिली आणि म्हणाली, "अगं, कुणीतरी मोरचूद कालवलंय यात!"

द्राक्षबागा बघितलेल्यांना हे लगेच कळेल. बोर्डो मिश्रणासाठी पिंपात मोरचूद विरघळवतात तेव्हाचा तो निळा. आमच्या गावाकडे फवारणीच्या दिवसांत बागेतल्या माणसांचे हात, कपडे, बादल्या, सगळं त्या रंगाचं होतं. इतक्या लांब येऊन आईला बाग आठवली.

अर्थात इथं मोरचूद नाही. हा रंग दगडाच्या पिठाचा. हिमनदी स्थिर दिसते, पण ती स्वतःच्या वजनानं सावकाश खाली सरकत असते. तिच्या पोटाला अडकलेले दगड खालच्या खडकावर घासतात, जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये दाणे भरडावेत तसे. त्याचं अतिशय बारीक पीठ होतं. उन्हाळ्यात वितळलेल्या पाण्याबरोबर ते तळ्यात येतं आणि तळाशी न बसता पाण्यात तरंगत राहतं. सूर्याच्या प्रकाशातला निळा-हिरवा भाग त्या कणांवरून विखरून आपल्या डोळ्यांकडे परत येतो. म्हणून जूनमध्ये तळी गडद निळी असतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये पीठ भरपूर आलं की असा दुधाळ निळा रंग चढतो. जातं थांबलं तर पीठ थांबेल, आणि पीठ थांबलं की हा रंगही हळूहळू ओसरेल.

तळ्याच्या वरच्या अंगाला पेटो हिमनदी आहे. तिथं शास्त्रज्ञ १९६० च्या दशकापासून दर वर्षी मोजमाप करतात. बर्फात भोकं पाडून लांब दांडे रोवतात. हिवाळ्यात किती हिम साठलं आणि उन्हाळ्यात किती वितळलं, हे त्या दांड्यांवरून कळतं. जमा आणि खर्च. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबांचा चेहरा उजळला. म्हणाले, "अगं, ही तर आमचीच मोजपट्टी."

मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "ताळेबंद काय सांगतो?"

ताळेबंद तोट्याचा आहे. एखादं वर्ष बरं जातं, पण दशकांमागून दशकं खर्च जास्त, जमा कमी. मोजायला सुरुवात केली तेव्हा जिथं बर्फ होता तिथं आता हिमनदीच्या पायथ्याशी एक नवं तळं तयार झालंय.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. खाली उतरताना म्हणाले, "आपलं धरण मे महिन्यात तळ गाठतं. माणसं घाबरतात, टँकर लागतात. पण जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस आला की पुन्हा भरतं. हे धरण भरत नाही गं."

सस्कॅचवन क्रॉसिंग ते मोठं वळण

इथून पुढे रस्ता उतरायला लागतो. वॉटरफाउल तळी डावीकडे, तिथं सकाळी वारा नसेल तर डोंगराचं प्रतिबिंब सुरेख पडतं. मग मिस्टाया घळ. मिस्टाया हे ग्रिझली अस्वलाचं मूळ रहिवाशांच्या भाषेतलं नाव. रस्त्यापासून दहा मिनिटं खाली उतरलं की अरुंद, खोल घळीतून पाणी घुसळत जाताना दिसतं. निघोजचे रांजणखळगे पाहिले असतील तर दगडातली ती गोल भोकं लगेच ओळखीची वाटतील. काठावर कठडा सगळीकडे नाही, लहान मुलांचा हात सोडू नका.

पुढे सस्कॅचवन क्रॉसिंग. पेट्रोल, चहा, स्वच्छतागृह. इथं फार रमू नका. त्यानंतर दरी अरुंद होते, आणि एका मोठ्या वळणावरून रस्ता झपकन चढतो. वळण संपल्यावर वर वाहनतळ आहे, तिथं थांबून मागे बघा. आलेला सगळा रस्ता खाली दोऱ्यासारखा दिसतो.

ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी थोडं पुढे पार्कर रिज चढावी. जायला साधारण पावणेतीन किलोमीटर, अडीचशे मीटरची चढण. माथ्यावर गेलं की पलीकडे सस्कॅचवन हिमनदी अख्खी पसरलेली दिसते. आई-बाबा खाली गाडीजवळ थांबले, मी आणि नवरा वर जाऊन आलो. वरून बाबांसाठी व्हिडिओ काढला. त्यांनी तो तीनदा बघितला आणि विचारलं, "ही नदी कुठं जाते?" एडमंटन शहरातून, पुढे थेट हडसनच्या उपसागरापर्यंत.

तीन समुद्रांचा डोंगर

आता या रस्त्याचा गाभा, कोलंबिया आइसफील्ड. आइसफील्ड म्हणजे डोंगरांच्या माथ्यावर साचलेलं बर्फाचं पठार. त्याच्या कडांवरून ज्या जिभा खाली दऱ्यांमध्ये उतरतात त्या हिमनद्या. पठार दोनशे चौरस किलोमीटरहून मोठं आहे, पण रस्त्यावरून ते दिसत नाही, फक्त जिभा दिसतात. १८९८ च्या ऑगस्टमध्ये कॉली आणि वुली हे दोन ब्रिटिश गिर्यारोहक माउंट अथाबास्काच्या शिखरावर पोहोचले आणि पलीकडे हे पठार पाहून थक्क झाले. बाहेरच्या जगाला त्याची खबर तेव्हा लागली.

या पठारावर स्नो डोम नावाचं शिखर आहे, उंची साडेतीन हजार मीटरच्या आसपास. त्याच्या एका उतारावरचं पाणी अथाबास्का नदीतून उत्तरेला, मॅकेंझीमार्गे आर्क्टिक महासागरात जातं. दुसऱ्या उतारावरचं उत्तर सस्कॅचवन नदीतून पूर्वेला हडसन उपसागरात. तिसऱ्या उतारावरचं कोलंबिया नदीतून अमेरिकेतून वळसा घेत प्रशांत महासागरात. एकाच डोंगराचं पाणी तीन दिशांच्या तीन समुद्रांना.

बाबांनी लगेच महाबळेश्वर काढलं. "तिथं सावित्री पश्चिमेला उतरून अरबी समुद्रात जाते, आणि कृष्णा अख्खा दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागरात. एवढ्याशा जागेतून दोन समुद्र. इथं तीन." कृष्णाकाठच्या माणसाला उगमाचं अप्रूप असतंच. आईनं तिथल्या तिथे हात जोडले.

अथाबास्का हिमनदी : सालांच्या पाट्या

स्नो डोमखालची अथाबास्का हिमनदी रस्त्याच्या अगदी जवळ येते. इथं पर्यटकांसाठी मोठं केंद्र आहे. मोठमोठ्या टायरांच्या खास बस हिमनदीवर नेतात, पुढे दरीवर काचेचा सज्जा आहे. तिकिटं महाग आहेत. आयुष्यात एकदा बर्फाच्या नदीवर पाय ठेवायचा असेल, आणि चालवत नसेल, तर बस घ्या. आई-बाबांनी घेतली, खूश झाले.

पण माझं ऐकाल तर केंद्रासमोरच्या छोट्या पायवाटेवर जरूर जा. तिला तिकीट नाही. ही वाट हिमनदीच्या तोंडाकडे जाते, आणि वाटेवर ठिकठिकाणी सालं लिहिलेल्या पाट्या आहेत. त्या त्या वर्षी बर्फ जिथं संपत होता, तिथं ती पाटी. १८४० च्या दशकात हा बर्फ पार आजच्या केंद्राच्या जागेपर्यंत, म्हणजे आपण जिथं गाडी चालवतो तिथपर्यंत होता. तेव्हापासून तो दीड किलोमीटरहून जास्त मागे गेलाय, आणि निम्म्याहून जास्त घनफळ संपलंय.

वाचताना हे आकडे असतात. चालताना तसं राहत नाही. तुम्ही एका पाटीपाशी उभे राहता, पुढची पाटी शोधता, चालत जाता. दोन्ही बाजूंना उघडा, करडा, खरवडलेला खडक, हिमनदीनं ढकलून टाकलेले दगडमातीचे ढीग. गवताचं पातं नाही. ही जमीन परवापरवापर्यंत बर्फाखाली होती. आणि पुढे पुढे वाट चढत जाते, म्हणजे बर्फ बघायला दर वर्षी थोडं जास्त चालावं लागतं, थोडं जास्त चढावं लागतं.

माझा जन्म १९८२ चा. त्या सालाची पाटी तिथं आहे. बाबांना त्या पाटीजवळ एका दगडावर बसवलं. त्यांचे गुडघे तिथवरच तयार होते. समोर बर्फ दिसत होता, पण लांब, वर. बाबांनी पाटीकडे बघितलं, बर्फाकडे बघितलं, आणि म्हणाले, "तू जन्मलीस त्या वर्षी आलो असतो, तर इथंच बसून हात लावला असता."

मी एकटी पुढे शेवटपर्यंत गेले. जाताना घड्याळ लावलं नाही, पावलंही मोजली नाहीत. एवढंच सांगते की हे सगळं अंतर माझ्या वयाचं आहे. माझ्या शाळा, कॉलेज, नोकरी, लग्न, इथं येणं, या सगळ्या वर्षांत तो बर्फ तेवढा मागे सरकला. आणि आमच्यासोबत सात वर्षांची भाची होती. तिनं विचारलं, "माझी पाटी कुठंय?" तिच्या सालाच्या जवळपासचं जे काही होतं ते आता बर्फापासून लांबच पडलंय, हे तिलाही दिसलं.

एक महत्त्वाची सूचना. वाट संपते तिथं दोरी आणि पाट्या लावलेल्या आहेत. त्यांच्यापलीकडे वाटाड्याशिवाय एक पाऊलही नको. वरून सपाट दिसणाऱ्या हिमाखाली खोल भेगा असतात. इथं भेगेत पडून माणसं दगावली आहेत, लहान मुलंसुद्धा. शिवाय हिमनदीवरून येणारा वारा जुलैमध्येही हाडं गोठवतो. स्वेटर, कानटोपी, मफलर गाडीत ठेवू नका, अंगावर घ्या.

धबधबे आणि जळालेलं जंगल

इथून जॅस्परपर्यंत साधारण शंभर किलोमीटर. वाटेत दोन धबधबे, सनवाप्टा आणि अथाबास्का. वेळ कमी असेल तर अथाबास्का बघा. उंची फार नाही, २३ मीटरच्या आसपास, पण पाण्याचा लोंढा असा की कठड्याजवळ उभं राहिलं तरी पायाखाली थरथर जाणवते. सकाळी ज्या बर्फासमोर उभे होतात त्याचंच हे पाणी.

जॅस्परजवळ पोहोचताना जंगल काळं दिसायला लागतं. २०२४ च्या जुलैत इथं प्रचंड वणवा लागला. गावात आणि उद्यानात मिळून सुमारे पंचवीस हजार माणसं होती, त्यांना रात्रीतून बाहेर काढलं. दोन दिवसांनी, २४ जुलैला आग गावात शिरली. जवळजवळ एक तृतीयांश इमारती जळाल्या. गावकऱ्यांचे प्राण वाचले, पण आग विझवणारा एक तरुण झाड अंगावर पडून गेला.

काही जण विचारतात, आता जॅस्परला जावं का? जा. गावात हॉटेलं आहेत, खाणावळी आहेत, माणसं पुन्हा घरं उभी करतायत. त्यांचं पोट पर्यटनावर आहे. मुक्काम तिथंच करा, जेवण तिथंच घ्या. फक्त कुणाच्या जळालेल्या घराच्या जोत्यासमोर उभं राहून सेल्फी काढू नका. आणि काळ्या खोडांच्या बुंध्याशी वाकून बघा. वणव्यानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच तिथं जांभळ्या-गुलाबी फुलांची झुडपं उगवतात. इंग्रजीत त्यांना फायरवीडच म्हणतात.

मग जायचं की नाही?

एका श्रोत्यानं मागे मला लिहिलं होतं की, हिमनद्या वितळतायत म्हणता आणि विमानातून या, पेट्रोल जाळत दोनशे किलोमीटर फिरा, असंही सांगता, हे कसं? प्रश्न रास्त आहे. माझ्याकडे त्याचं चोख उत्तर नाही. अंदाज असे आहेत की या शतकाच्या अखेरीपर्यंत पश्चिम कॅनडातल्या हिमनद्यांमधला बहुतेक बर्फ जाईल. किती जाईल आणि किती राहील, हे जग पुढची काही दशकं किती कोळसा-तेल जाळतं त्यावर ठरेल. माझ्या एका गाडीनं ते ठरणार नाही, पण माझी गाडी त्यात नाही असंही म्हणता येत नाही.

मी माझ्यापुरतं एवढं ठरवलंय. दर वर्षी धावत जाण्यापेक्षा एकदाच, दोन दिवस काढून, गाडी माणसांनी भरून जायचं. इतक्या लांब आलोच आहोत तर तीस ठिकाणी गाडी थांबवण्यापेक्षा पाच ठिकाणी उतरून नीट बघायचं. आणि मुलांना पाट्या दाखवायच्या.

घरी परतल्यावर बाबांनी वहीत सगळं उतरवून काढलं. हिमनदीचं नाव, नदीचं नाव, कुठल्या शहराला पाणी, कुठल्या समुद्राला मिळते. शेवटच्या रकान्याला त्यांनी नाव दिलं होतं "शिल्लक", आणि तो रिकामा ठेवला होता. भाचीला सांगितलं, "हा तू भरायचा, मोठी झाल्यावर."

तर मंडळी, या उन्हाळ्यात कुणी निघणार असेल तर पुन्हा एकदा यादी. पास, फुल टाकी, डाउनलोड केलेला नकाशा, गरम कपडे, डबा, आणि भरपूर वेळ. वयस्कर माणसं सोबत असतील तर बो तळं, पेटो, अथाबास्काची पायवाट आणि अथाबास्का धबधबा, हे चार थांबे पुरेत. आणि जन्मसालाच्या जवळची पाटी सापडली तर तिथं उभं राहून काय वाटलं, ते मला जरूर कळवा. पुढच्या एखाद्या भागात तुमची पत्रं वाचून दाखवीन.